बार्शीनं ठेवलेली मोजदाद

बार्शी सोलापूर जिल्ह्यातली खरी, पण तिची पेठ अर्ध्या मराठवाड्याची. भूम, परंडा, कळंब या भागातल्या शेतकऱ्याला तूर विकायची असो, लग्नाचा बस्ता बांधायचा असो की भगवंताचं दर्शन घ्यायचं असो, पाय बार्शीकडेच वळायचे. १८९७ साली कुर्डूवाडीहून बार्शीला छोट्या रुळांची रेल्वे आली, पुढं ती लातूरपर्यंत गेली, आणि निजामाच्या मुलखातला कापूस आणि धान्य या गावातून बाहेर पडू लागलं. सरहद्द पुसली गेली तरी सवय राहिली. दुखणं अंगावर काढून काढून असह्य झालं, की त्या मुलखातली माणसं आजही म्हणतात, ‘बार्शीला दाखवून या.’

या गावात आगळगाव रस्त्याला एक कर्करोग रुग्णालय आहे. नर्गिस दत्त १९८१ च्या मे महिन्यात कर्करोगानं गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ ते उभं राहिलं. डॉ. भगवान नेने यांनी तालुक्याच्या गावात असं रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतला आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं त्याला हात दिला. ‘टाटा’ला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, परळच्या पदपथावर मुक्काम आणि घरी उभं पीक वाऱ्यावर. त्या काळी कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबई गाठणं या भागातल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचं होतं. बाई आजारी असेल तर विषयच संपला. तिच्यासाठी एवढा खटाटोप करणारं घर विरळा.

मला सांगायचं आहे ते या रुग्णालयानं ठेवलेल्या एका हिशेबाबद्दल. बार्शीत जी मोजदाद झाली, तिच्यामुळे जगभरातल्या बायकांवर कोणते उपचार व्हावेत आणि केव्हा व्हावेत याचं उत्तर बदललं. सोलापूर-धाराशिवच्या घराघरांत मात्र ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही.

देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्यात मुंबई, बंगळूर आणि मद्रास ही तीन शहरं होती. शहरात अशी नोंदणी जमते. रुग्णालयं ठरलेली असतात, प्रयोगशाळांत कागद असतात, मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर कारण लिहितो. कारकुनानं या तिन्ही ठिकाणी फेऱ्या मारल्या की यादी तयार. पण त्या वेळी देशातली चारांतली तीन माणसं खेड्यांत राहत होती. खेड्यातली बाई घरी मरते. तिला काय झालं होतं ते डॉक्टरला कधी दिसलेलंच नसतं. ग्रामपंचायतीच्या वहीत ‘वृद्धापकाळ’ नाहीतर ‘अशक्तपणा’ एवढीच नोंद होते, आणि ज्या आजारानं ती गेली तो आजार सरकारी आकड्यांत जन्मालाच येत नाही.

१९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिला शहरी रीत उलटी करावी लागली. रुग्णाच्या यायची वाट न पाहता नोंदणी करणारेच गावात गेले. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं. टाटामधल्या संशोधक कस्तुरी जयंत यांनी या कामाची घडी बसवून दिली. क्षेत्र-कार्यकर्ते ठरावीक दिवसांनी प्रत्येक गावी जात, चावडीवर, देवळात, शाळेत लोकांना जमवत आणि कर्करोगाची लक्षणं सांगत. गाठ, न भरणारी जखम, गिळताना अडकणं. बायकांना पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, वास मारणारं पांढरं जाणं. हे शब्द चारचौघांत उच्चारायला त्या काळी धाडस लागत होतं. संशय आला की त्या माणसाला बार्शीला आणून तपासायचं, निदान करायचं, आणि मग वहीत नोंद. नोंदणी आणि शिक्षण ही दोन्ही कामं एकाच फेरीत व्हायची.

वह्या भरत गेल्या तसं चित्र दिसू लागलं. शहरी बायकांत स्तनाचा कर्करोग वाढत होता. इथं त्याचं प्रमाण कमी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत वर. आणि बहुतेक बायका आल्या त्या उशिरा.

या उशिराचा अर्थ शस्त्रक्रियेच्या भाषेत सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोग गर्भाशयाच्या मुखापुरता असेल तर शल्यविशारद मोठी शस्त्रक्रिया करून तो मुळापासून काढू शकतो. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट व्हर्टहाइम यांनी १८९८ साली ती पद्धत रुजवली: गर्भाशय, त्याच्या आजूबाजूचं ऊतक, योनीचा वरचा भाग आणि लसिकाग्रंथी, सगळं एकत्र. साधी ‘पिशवी काढणं’ आणि ही शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्करोग असताना निदान न करता नुसती पिशवी काढली, तर रोग मागं राहतो आणि पुढचे उपचार अवघड होतात. रोग बाजूच्या ऊतकात पसरला की सुरी बाजूला ठेवून किरणोपचारांकडे जावं लागतं, आणि मूत्रपिंडाकडच्या नळ्यांपर्यंत पोचला की बरं होण्याची शक्यता बरीच कमी होते. दुसऱ्या टोकाला, कर्करोग होण्याआधीची पायरी सापडली तर मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. थंड धातूची सळई मुखावर टेकवून खराब पेशी गोठवता येतात. भूलही लागत नाही, पाऊण तासात बाई घरी जाते. डाग मोठा किंवा आत सरकलेला असेल तर विजेच्या तारेच्या कडीनं तेवढाच भाग कापून काढतात. ही पूर्वस्थिती कर्करोगात बदलायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. इतकी सवलत देणारे कर्करोग थोडेच.

म्हणजे बाईच्या नशिबी पाऊण तासाचं गोठवणं येणार की पोटावरची मोठी शस्त्रक्रिया की वेदनाशामक गोळ्या, हे ठरतं ती कोणत्या टप्प्यावर तपासली गेली यावर. नुसत्या सांगण्यानंही फरक पडतो, हे बार्शीच्या वह्यांनी दाखवलं. सतत गावात जाऊन बोलत राहिल्यावर काही वर्षांतच पहिल्या दोन टप्प्यांत सापडणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. १९९५ मध्ये जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी तो निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. यंत्र नाही, औषध नाही. गावात येणारा माणूस आणि त्याचं बोलणं एवढ्यानं हे घडलं होतं.

पण लक्षणं दिसल्यावर येणं म्हणजे रोग झाल्यावर येणंच. त्याआधी कसं गाठायचं?

तीन वाटा होत्या. पहिली पॅप तपासणी. जॉर्ज पापनिकोलाऊ यांनी १९४० च्या दशकात ती प्रचारात आणली आणि युरोप-अमेरिकेत तिनं या रोगाची कंबर मोडली. पण तिला प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ लागतात, काचपट्ट्या रंगवाव्या लागतात, दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. दुसरी वाट स्वस्त: व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड मुखावर लावायचं, पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचं. शिकवलेली परिचारिका हे करू शकते आणि उत्तर तिथल्या तिथं मिळतं. तिसरी वाट नवी आणि महाग. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं होतं, आणि त्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. तो विषाणूच शोधायचा, म्हणजे एचपीव्ही चाचणी.

यांतली कोणती वाट खेड्यातल्या बाईचा जीव वाचवते, याचं उत्तर जगात कुणाकडे नव्हतं. पॅपचा फायदा पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून मानला गेला होता. मृत्यू कमी होतात का हे चिठ्ठी टाकून गट पाडून कुणी तपासलंच नव्हतं. ते काम शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा स्मारक आणि बार्शीचं रुग्णालय अशी तिघांची जोडणी. लियॉनहून मूळचे केरळचे डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन, टाटाकडून डॉ. केतायून दिनशॉ आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री, बार्शीत डॉ. नेने. पैसा गेट्स फाउंडेशनचा.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. कोरडवाहू जमीन, उन्हाळ्यात टँकर, रोजंदारी. अशा जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची यादी घरोघर फिरून केली गेली. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठी बाईच्या नावानं न टाकता समूहाच्या नावानं टाकली. एकाच गल्लीतल्या दोन जावांना दोन वेगळ्या तपासण्या आल्या असत्या तर गोंधळ झाला असता. चार गट झाले. एकात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड, आणि चौथ्यात तपासणीचं बोलावणं नाही, नेहमीची आरोग्यसेवा. प्रत्येक गटात ३१ ते ३४ हजार बायका.

बोलावणं आलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास बायका आल्या. हा आकडा वाचून मी थांबले होते. काही दुखत-खुपत नसताना, रोज बुडवून, परक्या परिचारिकेसमोर टेबलावर झोपायला शंभरातल्या ऐंशी बायका तयार झाल्या. ज्यांना ‘अडाणी’ म्हणून आपण नेहमी हिशेबातून वगळतो त्याच या बायका. त्यांच्या पाठीमागं बारा वर्षांच्या गावफेऱ्यांची पुण्याई होती असं मला वाटतं. बार्शीच्या दवाखान्याचं नाव या मुलखात विश्वासाचं झालेलं होतं.

ज्यांच्या तपासणीत काही आढळलं त्यांना दुर्बिणीतून पाहून, गरज पडेल तिथं तुकडा घेऊन खात्री केली जाई. एचपीव्ही गटात शंभरात साधारण दहाजणींत विषाणू सापडला. पूर्वस्थिती असलेल्यांना गोठवण्याचा किंवा कडीनं कापण्याचा उपचार, कर्करोग निघालेल्यांना शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. आणि मग सुरू झालं सर्वांत कंटाळवाणं, सर्वांत मोलाचं काम: आठ वर्षं या सगळ्या बायकांचा माग ठेवणं. कोण आजारी पडली, कोण गेली, कशानं गेली. इथं पुन्हा नोंदणीच कामी आली. आठ वर्षं कुणाचं नाव सुटू न देणं, सासरी-माहेरी, ऊसतोडीला, पुण्याला गेलेली बाईही मोजणं, हे त्या कार्यकर्त्यांचं कौशल्य. शोधनिबंधावर त्यांच्यापैकी थोड्यांचीच नावं येतात.

निष्कर्ष २ एप्रिल २००९ ला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. एचपीव्ही गटात १२७ कर्करोग सापडले, तपासणी न झालेल्या गटात ११८. पहिल्या नजरेला वाटतं, तपासणी करून उलट जास्तच निघाले! पण तपासणीनं लपलेले रोग लवकर उघडे पाडले होते. फरक कळतो तो पुढच्या आकड्यात. पुढच्या टप्प्यात गेलेले कर्करोग एचपीव्ही गटात ३९, तपासणी न झालेल्यांत ८२. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू निम्म्याच्या जवळ आणले होते. पॅप आणि ॲसेटिक ॲसिडच्या गटांत एका फेरीनं मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. आणखी एक गोष्ट संशोधकांनी नोंदवली: पॅप किंवा ॲसेटिक ॲसिडच्या तपासणीत ‘काही नाही’ निघालेल्या बायकांना पुढं कर्करोग होण्याचं प्रमाण एचपीव्हीत ‘काही नाही’ निघालेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. डोळ्याला दिसणारा डाग उशिराचा, पाहणाऱ्याच्या कसबावर अवलंबून. विषाणू त्याच्या किती तरी आधी सापडतो आणि यंत्र दमत नाही.

त्याच अंकात त्या निबंधावर संपादकीय होतं. त्याच्या शीर्षकात ‘भारताकडून जगाला’ अशा अर्थाचे शब्द होते. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही चाचणीला पहिलं स्थान दिलं, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास ठळक आहे. कुर्डूवाडीच्या छोट्या रेल्वेनं कापूस जगाच्या बाजारात गेला होता. शंभरएक वर्षांनी त्याच पेठेतून ज्ञान गेलं.

या गोष्टीला एक बोचरी बाजू आहे आणि ती लपवू नये. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना तपासणीचं बोलावणं नव्हतं. त्यांच्यातल्या ६४ जणी या रोगानं गेल्या. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला माहीत असताना गरीब बायकांचा एक गट तसाच का ठेवला, असा सवाल देशात आणि परदेशात वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी केला. संशोधकांचं म्हणणं असं की जिल्ह्यात तपासणी कुणालाच मिळत नव्हती, तीच तिथली प्रत्यक्ष स्थिती होती. आणि कोणती पद्धत इथं चालेल हे खरोखर माहीत नव्हतं. दोन पद्धतींनी एका फेरीत मृत्यू कमी केले नाहीत, हे पाहता त्यांचं उत्तर पोकळ नाही. तरीही मला वाटतं, त्या ६४ बायका या ज्ञानाच्या देणेकरी नव्हत्या, आपण त्यांचे देणेकरी आहोत. त्यांच्या मरणातून जे कळलं ते त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोचवलं तरच ते देणं फिटेल.

पोचलं का? शेजारच्याच बीड जिल्ह्यात काय चाललं होतं ते पाहा. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अनेकींना पोटात दुखतं, पांढरं जातं एवढ्यावर ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. त्यांत पस्तिशीच्या आतल्याही बाया. पाळीमुळे कामात खाडा नको, मुकादमाचा दंड नको म्हणून त्यांनी मान डोलावली आणि कर्ज काढून पैसे भरले. शंभर मैलांच्या आत, एकाच वर्गातल्या बायकांच्या बाबतीत वैद्यकानं दोन टोकं गाठली. एका ठिकाणी लाखाहून जास्त बायका मोजून कुणाला सुरी लावायची आणि कुणाला नाही हे ठरवलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी कसलीही तपासणी न करता कर्करोगाची भीती घालून निरोगी अवयव काढले गेले. ज्या चाचणीनं त्यांतल्या बहुतेकींना ‘तुला काही नाही, घरी जा’ असं सांगितलं असतं, ती चाचणी शेजारच्या जिल्ह्यात कसाला लागून सिद्ध झालेली होती.

बार्शीचं काम पुढंही चालू राहिलं. २००९ मध्ये एचपीव्ही लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात हे पाहणारा देशव्यापी अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी एक केंद्र होतं. दुसऱ्याच एका लसप्रकल्पावरून वाद उठला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारनं असे सगळे अभ्यास थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचाही माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका मात्रेचंही संरक्षण भक्कम आहे, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका मात्रेचा पर्याय मान्य केला. माग ठेवण्याची जी सवय १९८७ मध्ये भूम-परंड्याच्या गावफेऱ्यांत लागली, तिचंच हे पुढचं फळ.

आता आजचा आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या बायका १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. दर वर्षी देशात या रोगाच्या सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण आणि पंचाहत्तर हजारांहून जास्त मृत्यू, असा अंदाज आहे. धाराशिवच्या ऐंशी टक्के बायका बोलावल्यावर आल्या होत्या. बोलावणं आलं नाही, हाच सगळा प्रश्न आहे.

तुमच्या घरात तिशी ओलांडलेली आई, बहीण, बायको, वहिनी, शेतावर येणारी मावशी, घरकामाला येणारी ताई असेल, तर सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तिची तपासणी करून घ्या. एचपीव्ही चाचणी मिळते का, हे नाव घेऊन विचारा. कुणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर आधी तपासणीचा कागद मागा. आणि नवव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंतची मुलगी असेल तर तिच्या लशीची चौकशी याच आठवड्यात करा.